काष्टीच्या बाजारातली गढूळ बरणी

सुलोचनामावशींवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, नाताळच्या आदल्या शनिवारी, काष्टीच्या बाजारात, उन्हं कलायला लागली होती तेव्हा. माईक आमच्या मोहिमेचा होता. मावशी समोरच आपल्या भज्यांच्या गाडीवर उभ्या होत्या, हातात झारा, आणि कढईतली भजी काढायची राहून करपत होती. "ज्या ताईंनी तेल दिलं, त्यांच्या तेलात पाणी होतं," असं त्या माईकवर सांगितलं गेलं. एवढंच वाक्य. ते खोटं होतं.

हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण पुढे मी थंडीबद्दल लिहिणार आहे, आणि थंडीबद्दल लिहिताना माणूस हळवा होतो आणि मुद्दा बाजूला राहतो. मला पत्रकं लिहायची सवय आहे. पत्रक लोक उभ्याउभ्या वाचतात, चुरगाळतात, त्यात भेळ बांधून घेतात. म्हणून मुद्दा पहिल्या ओळीत हवा.

तर थंडी. ती यंदाही आली आहे. पहाटे नळाचं पाणी हाताला चावतं. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून जातात तेव्हा त्यांच्या मागे वाळक्या पाचटाचा एक पट्टा उडत राहतो, आणि वारा कारखान्याकडून असला की मळीचा आंबूस वास घरात येऊन कपड्यांत बसतो. आमच्या गल्लीत कागदाचे तारे लागलेत. संध्याकाळी आमच्या चर्चच्या मंडळीतली मुलं ढोलकी घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात. आमच्या दारात येतात, गातात, करंज्या खातात, जातात. ती गेल्यावर जी शांतता पडते ती मला गेल्या हिवाळ्यापासून ओळखीची आहे. तेव्हा मी घरामागच्या पत्र्याच्या पडवीत एका बरणीपुढे बसून असायचे, आणि बरणीत काही घडत नसायचं.

आमची मोहीम जळक्या तेलाविरुद्ध होती. मोठ्या हॉटेलांतलं पुन्हापुन्हा तळून काळं झालेलं तेल डब्यांतून स्वस्तात छोट्या गाड्यांवर येतं आणि तिथून तुमच्याआमच्या पोटात जातं, हे बंद व्हावं एवढंच आमचं म्हणणं. पण नुसतं "खाऊ नका" म्हटलेलं लोक ऐकत नाहीत, हे मला पहिल्या पत्रकातच कळलं. फेकू नका, खाऊ नका, मग करायचं काय? तर त्याचं डिझेल करा. तळणीचं तेल गाळून कोमट करायचं, कॉस्टिक सोडा विरघळवलेलं मिथेनॉल त्यात घालायचं आणि घोटत राहायचं. जमलं की खाली काळपट जड ग्लिसरीन बसतं आणि वर मधाच्या रंगाचं पातळ इंधन राहतं. ते धुऊन सुकवलं की शेतातलं इंजिन त्यावर चालतं. पत्रकात मी लिहिलं होतं, "घरच्या घरी, सोप्या पद्धतीने." सोप्या हा शब्द मी आता कुठल्याच पत्रकात वापरत नाही.

सुलोचनामावशी आम्हाला तेल देणाऱ्या पहिल्या. खरं तर त्यांना मोहिमेची गरजच नव्हती. त्या दर बाजाराला गिऱ्हाइकासमोर तेलाची नवी पिशवी दाताने फाडून कढईत ओततात आणि संध्याकाळी उरलेलं तेल पुन्हा कढईत घेत नाहीत. पूर्वी ते बैलगाडीवाले आसाला लावायला न्यायचे. आता गाड्या राहिल्या नाहीत, तेव्हा त्या मला म्हणाल्या, ने बाई, तुझ्या पत्रकाला लाव. मी कॅन घेऊन दर शनिवारी जायचे. कॅन भरेपर्यंत एक प्लेट भजी खायलाच लागायची. नको म्हटलं तर त्या शेजारच्या कांदेवाल्याला मोठ्याने सांगायच्या की मास्तराची पोर आपलंच भाषण आपल्यालाच लागू करती. कांदेवाला हसायचा. मी खायचे. ओव्याचा वास, झाऱ्यावरून निथळणारं तेल, त्यांच्या अंगावरचा धुरकट स्वेटर, आणि मागे जनावरांच्या बाजारातून येणारं हंबरणं. त्या पावसाळ्यात आणि त्याच्या पुढच्या थंडीत माझी मैत्रीण म्हणावं अशा त्याच एक होत्या, माझ्या आईच्या वयाच्या.

आणलेलं प्रत्येक कॅन मी आधी तापवून बघायचे. तेलात पाणी असलं की ते तापताना तडतडतं, लपवू म्हटलं तरी लपत नाही. मावशींचं तेल कधीच तडतडलं नाही. कढई तापायची, वरून हवा थरथरायची, तेल गप्प. ते गप्प राहणं मी ऐकलेलं आहे. माझ्याकडे दुसरा साक्षीदार नाही, पण ते तेल माझ्यासमोर गप्प राहिलं होतं.

पावसाळ्यात आम्ही गावोगाव प्रात्यक्षिकं सुरू केली. सर, म्हणजे आमचे संयोजक, बोलायला फार चांगले. खर्ड्यापर्यंत गेलो एकदा, किल्ल्याच्या सावलीत टेबल मांडलं होतं. सुरुवातीला बरणीत तेल आणि मिथेनॉल घोटलं की बघताबघता रंग गडद व्हायचा, पातळ व्हायचं, आणि घोटणं थांबवून चहा घेईपर्यंत तळाशी काळी रेघ धरायची. लोक पुढे सरकायचे. मग हळूहळू ती रेघ उशिरा यायला लागली. दर गावाला थोडी आणखी उशिरा. सर म्हणायचे थंडी वाढतेय. मलाही ते पटलं होतं, कारण थंडी वाढतच होती.

आणि मग काष्टी. त्या शनिवारी बाजार भरून वाहत होता. बैलजोड्या, शेळ्या, हुरड्याची कणसं, स्वेटरांचे ढीग. आमच्या टेबलाला झेंडूची माळ. बरणीत मावशींचं तेल. सरांनी ते कुणाचं आहे हे आधीच अभिमानाने सांगितलं होतं, गाडीकडे हात करून; लोकांनी वळून मावशींकडे पाहिलं होतं आणि त्यांनी लाजून पदर सारखा केला होता. घोटलं. थांबलो. काही नाही. पुन्हा घोटलं. सत्कार उरकले. एका पाहुण्याने पर्यावरणावर भाषण केलं, दुसऱ्याने त्याच भाषणाला दुजोरा दिला. बरणीतलं तेल न गाळलेल्या चहासारखं गढूळ, तसंच. कुणीतरी मागून विचारलं की सर, हे आजच्या बाजारात होणार का पुढच्या? लोक हसले. हसणं सरांना सोसत नाही. त्यांनी माईक घेतला आणि ते वाक्य बोलले.

मी तिथेच म्हणाले, "सर, मी तापवून पाहिलंय. पाणी नव्हतं." त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला, माझ्यापासून लांबच्या. माझा आवाज टेबलाच्या कडेपर्यंत गेला असेल.

करपलेली भजी मावशींनी खाली टाकली आणि नवा घाणा सोडला. घ्यायला कुणी आलं नाही, तेव्हा तोही काढून परातीत ठेवला. अंधार पडायच्या आत गाडी आवरली. त्या दिवशी कॅन मला त्यांनीच आणून दिलं, भरलेलं, झाकण घट्ट लावून. मला वाटतं जगात कुणी कुणाला इतकं वाईट काही दिलं नसेल.

पुढच्या शनिवारी कांदेवाल्याने हटकलं. "मावशी, आज भजी तळल्याली का उकडल्याली?"

"उकडल्याली," मावशी म्हणाल्या. "तुझ्या कांद्याला तळायची लायकी न्हाई."

तो हसला, मीही हसले. पण भज्यांच्या गाडीवर बाईच्या तेलाविषयी बोललं गेलं की ते थट्टेपुरतं राहत नाही. नेहमीची गिऱ्हाइकं पलीकडच्या वडापावकडे वळली. एक बाई पोराला म्हणाली, इथं नको, आणि का नको ते सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. मावशींची जागा बाजाराच्या तोंडाशी आहे, त्यांच्या सासूच्या वेळेपासून. आता काही लोक उघड बोलायला लागले की तोंडाशी चांगली गाडी पाहिजे.

सरांशी माझं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, तुला एवढं कळतं तर तूच शोधून काढ. प्रात्यक्षिकाचं सगळं सामान त्यांनी टेम्पोतून माझ्या पडवीत उतरवलं: बरणी, मिथेनॉलचं सीलबंद कॅन, कॉस्टिकचा डबा, घोटायची मोटर. त्यानंतर मोहिमेच्या व्हॉट्सअॅप गटावर माझ्या निरोपाला उत्तर येईनासं झालं. गटातून काढलं नाही कुणी. नुसते निळे टिक व्हायचे. गटातून काढणं बरं असतं, दार लागल्याचा आवाज तरी येतो.

म्हणून मी ती नाताळची सुट्टी पडवीत काढली. दुपारी, ऊन असेपर्यंत, दोन्ही बाजू उघड्या ठेवून, कारण मिथेनॉलची वाफ चांगली नाही आणि जवळ विस्तव चालत नाही. तेल गरम पाण्याच्या पातेल्यात बरणी ठेवून कोमट करायचं. हातात रबरी मोजे, डोळ्याला बाबांचा जुना वेल्डिंगवाल्याकडून आणलेला चष्मा. बाबा निवृत्त मास्तर. ते मधूनमधून दारात येऊन उभे राहायचे, आणि एकदा म्हणाले की मंडळीत विचारतायत, रूथ गाण्याला का येत नाही, काय सांगू? मी म्हटलं सांगा तेल घोटतेय. त्यांनी खरंच तसं सांगितलं.

पहिला संशय थंडीवर. बरणीला गोधडी गुंडाळली, दूध डेअरीतून थर्मामीटर मागून आणला, पाणी बदलत राहिले. तेल चांगलं गरम राहिलं आणि तसंच गढूळ राहिलं. मग घोटण्यावर. मोटरचं पातं वाकडं होतं, ते सरळ करून घेतलं. तेल भोवऱ्यासारखं फिरलं आणि थांबल्यावर पुन्हा न गाळलेला चहा. मिथेनॉलचं सील माझ्यासमोर फुटलं होतं, त्याला दोष देता येईना. तेल पुन्हा तापवलं. ते पुन्हा गप्प. त्या दिवसांत मी पत्रक लिहिलं नाही, कुणाला फोन केला नाही. बरणीतल्या गढूळपणाकडे बघत बसले की वाटायचं, हे सगळं असंच असतं, आपण घोटत राहतो आणि काहीच वेगळं होत नाही, तेल तेलच राहतं, लोक लोकच राहतात. हे वाक्य पत्रकात चालणार नाही, पण त्या पडवीत ते खरं वाटत होतं. पलीकडे पाटाच्या कडेने ज्वारी पोटरीत आली होती आणि तिच्यावरून वारा जाताना जो आवाज होतो तो कुणीतरी चालत येतंय असा भास करून देतो. दरवेळी मी वळून बघायचे.

मग एका दुपारी कॉस्टिकचा डबा उलथला आणि आतून ढेकूळ निघालं.

ताजा कॉस्टिक पापडीच्या चुऱ्यासारखा असतो, कोरडा, सुटा. हे ढेकूळ वरून पिठूळ, आतून चिकट. ते बघताना मला सगळी गावं एकामागून एक दिसली. प्रत्येक गावात टेबल. टेबलावर आमची मांडणी: बरणीत तेल, बाटलीत मिथेनॉल, आणि मधोमध स्टीलच्या ताटलीत उघडा कॉस्टिक, पुढे चिठ्ठी लावलेली, "उत्प्रेरक". लोकांना दिसायला हवा, असा सरांचा आग्रह. स्वागत, प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. तेवढा वेळ तो ताटलीत. आणि आभार झाले की कुणीतरी ताटली पुन्हा डब्यात रिकामी करायचं, पुढच्या गावासाठी. सगळा पावसाळा.

कॉस्टिक उघड्यावर ठेवला की हवेतला दमटपणा ओढतो आणि माणसाच्या श्वासातून निघणारा वायू शोषून धुण्याच्या सोड्यासारखा निरुपयोगी होत जातो. शाळेच्या पुस्तकात लिहिलंय की उत्प्रेरक क्रिया घडवतो आणि स्वतः संपत नाही. संपतो. भाषणं ऐकत बसवला की संपतो.

खात्री करायला वाटीत लिंबू पिळलं आणि ढेकळाचा कण टाकला. ताजा कॉस्टिक तिथे नुसता विरघळतो. हा फसफसला, सोड्यासारखा, वाटीच्या काठापर्यंत. मी एकटीच हसले. मग श्रीगोंद्याला जाऊन कॉस्टिकचा नवा सीलबंद डबा आणला, झाकण एकदाच उघडलं, लगेच लावलं. तेल तेच घेतलं, मावशींचं, काष्टीच्या प्रात्यक्षिकातून कॅनमध्ये उरलेलं, ज्यात पाणी होतं म्हणून माईकवर सांगितलं गेलं होतं तेच. ओतलं, घोटलं. आधी गडद झालं. मग मोटरचा आवाज बदलला, हलका झाला, कारण आतलं पातळ झालं होतं. मोटर बंद करून मी जमिनीवर बसले, बरणीच्या तळाशी डोळे नेऊन. एक काळा थेंब सावकाश खाली उतरला. मग दुसरा. मग रेघ. दुपारचं ऊन बरणीतून आरपार गेलं आणि पडवीच्या भिंतीवर पिवळा डाग थरथरत पडला.

बाबा आले, वाकून बघितलं आणि विचारलं, हे खायचं का लावायचं. मी म्हटलं इंजिनात घालायचं. मग अजून शाळेत असल्यासारखं त्यांनी विचारलं की उत्तर तर बरोबर आलं, पण तपासणार कोण?

सरांना मी फोटो पाठवले, वाटी फसफसतानाचा व्हिडिओ पाठवला, शेवटी घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. ताटलीचं त्यांना पटलंसुद्धा. म्हणाले, पुढच्या वेळी बंद बाटलीत ठेवू. मी विचारलं, आणि मावशी? बाजारात जाऊन माईकवर कधी सांगायचं?

"रूथ, तो विषय आता उकरू नये," ते म्हणाले. "लोक विसरलेत. एका गाडीपायी चळवळ अडचणीत आणायची का?"

चळवळ कशाविरुद्ध होती, सर? जळक्या तेलाविरुद्ध. आणि सगळ्या बाजारात जी एक बाई जळकं तेल कढईत घालत नव्हती, तिलाच आपण बदनाम केलं. लोक विसरलेत म्हणता. लोक वाक्य विसरलेत, सर. सवय विसरलेली नाहीत. भज्यांच्या गाडीवरून पुढे जायची सवय त्यांना लागली आहे, आणि का लागली ते आता त्यांनाही आठवत नाही. अशी बदनामी धुता येत नाही, कारण ती कुणाच्या तोंडात राहिलेली नसते, पायांत गेलेली असते.

मी बाटली भरून घेतली, त्या मधाच्या रंगाच्या इंधनाची, आणि शनिवारी मावशींकडे गेले. मला वाटत होतं की त्या बघतील आणि काहीतरी सुटेल, त्यांच्यातलं किंवा माझ्यातलं. त्यांनी बाटली हातातसुद्धा घेतली नाही. कांदा चिरत राहिल्या.

"मला कशाला दावती, पोरी? माझ्या तेलात काय हुतं ते मला म्हाईत हाय. ज्यांनी माईकवर आयकलं त्यांना दाव."

राग नव्हता बोलण्यात. मी खोकला झाला म्हणाले असते तर त्यांनी याच आवाजात हळद घे म्हटलं असतं.

मी गेलेही. त्याच जागी उभी राहिले जिथे आमचं टेबल होतं, बाटली धरून, आणि बोलायला लागले. माईक नव्हता. शेळी ओढत नेणाऱ्या एका माणसाने विचारलं, अत्तर आहे का? दुसरा म्हणाला, कंपनी कुठली? दोन बायका थांबल्या, ऐकलं, मान हलवली आणि स्वेटरांकडे गेल्या. खोटं सांगायला एक वाक्य पुरलं होतं. खरं सांगायला मला थंडी, गोधडी, ताटली, लिंबू, वाटी एवढं सगळं लागत होतं, आणि बाजारात इतका वेळ कुणाकडे नसतो. संध्याकाळी मी बाटली घेऊन घरी आले. त्या रात्रीच्या प्रार्थनेला मी गेले, शेवटच्या बाकावर बसले. सगळ्यांनी शांतीचं गाणं म्हटलं. मला शांती नको होती. मला माईक हवा होता.

वर्ष गेलं. मी आता एकटीच पत्रकं काढते. तेल गोळा करते, इंधन करते, बाबांच्या मित्राच्या विहिरीवरचं इंजिन त्यावर चालतं. कॉस्टिकचं झाकण मी श्वास रोखून उघडते. त्याची गरज नसते, पण सवय लागली आहे. मावशी अजून बाजाराच्या तोंडाशी आहेत, पण गाडी लहान केली आहे, दुपारीच आवरतात. कढईत पळीभर तेल जास्त पडलं तरी म्हणतात, तळून कुणासाठी ठेवू? कॅन आता महिन्यातून एकदाच भरतं. भजी मात्र खायलाच लागतात. त्या ओतताना मी तेलाकडे बघत नाही आणि त्या माझ्याकडे. आणि जागेबद्दलची कुजबुज या थंडीत पुन्हा सुरू झाली आहे. नव्या वर्षात बाजाराच्या जागा नव्याने ठरायच्या आहेत. तोपर्यंत गाडीपुढे माणसं दिसली नाहीत तर त्यांना आत, पार जनावरांच्या बाजारामागे ढकलतील. तिथे भजी खायला कोण जातं?

मी हे छापायला दिलं कारण आवाज पुरत नव्हता. तुम्ही श्रीगोंदा तालुक्यातले असाल, काष्टीच्या बाजाराला जात असाल, तर त्या शनिवारी त्या गर्दीत तुम्ही असण्याची बरीच शक्यता आहे. तुम्ही ऐकलंत, हसलात किंवा नाही हसलात, आणि पुढे गेलात. तुमच्याकडून मला सही नको, देणगी नको, मोहिमेत या असंही माझं म्हणणं नाही. येत्या शनिवारी बाजारात शिरताना उजव्या हाताच्या पहिल्या गाडीपाशी थांबा. रांगेत उभे राहा, भजी मागा, तिथेच उभं राहून खा, आणि शेजारी जो कुणी असेल त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की गेल्या वर्षी या बाईबद्दल जे बोललं गेलं ते खोटं होतं.